बिघाड पकडायचा दिवस

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला सगळ्यात जास्त राग कशाचा येत असेल, तर तो आल्याबरोबर नीट चालायला लागणाऱ्या लिफ्टचा. चार दिवस लोक फोन करकरून कान खातात. लिफ्ट मध्येच अडते, गचका देते, लावलेलं दार पुन्हा उघडते. मिस्त्री पुढ्यातलं ताट सारून धावत येतो, वर-खाली पंधरा फेऱ्या मारतो, आणि ती बया कशी अगदी शहाण्या मुलीसारखी चालते. मग वहीत ‘तपासली, ठीक आहे’ असं लिहायचं, खाली सही ठोकायची आणि जिन्यात जमलेल्यांच्या नजरा चुकवत निघायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन.

कानसेनांनी तेहतीस वर्षं हे भोगलं होतं. कानसेन हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक मोटरच्या अंगाला आणि मूठ कानाला लावून ते आतलं बेअरिंग कुठे खरवडतंय ते सांगायचे, म्हणून कंपनीतल्या पोरांनी ठेवलेलं. नाव असं चिकटलं, की बायकोसुद्धा माहेरच्यांशी बोलताना ‘आमचे कानसेन’ म्हणायची. एकदा त्यांनी कान लावून निदान केलं की मोटर उघडून बघायची कोणाची टाप नव्हती.

तर अशा माणसाच्या छातीत बिघाड झाला, आणि तोही नेमका अधूनमधून येणारा.

त्याची सुरुवात मोठ्या आनंदाच्या दिवशी झाली. लेकीला मुलगी झाली. नर्स ते गाठोडं घेऊन बाहेर आली, “आजोबा कोण?” म्हणाली, कानसेनांनी दोन्ही हात पुढे केले आणि तेवढ्यात छातीत एक ठोका पडलाच नाही. पाऊल टाकावं आणि पायरीच नसावी तसं. मग धप्पकन एक मोठा ठोका. कानसेन मटकन बाकावर बसले. बाळ आजीच्या हातात गेलं. सगळ्यांना वाटलं, आनंदाने पाय लटपटले असतील. सगळे हसले. कानसेनही हसले, पण त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

त्या दिवसापासून ते छातीकडे कान लावून बसले. दुपारी डाव्या कुशीवर पडलं की ठोके मोजायचे. बहात्तर, त्र्याहत्तर, मग एक खड्डा, मग धप्प. एका रविवारी तर त्यांनी तो लांब स्क्रू ड्रायव्हरच काढला, टोक स्वतःच्या छातीवर धरलं आणि मूठ बायकोच्या कानाला लावली.

“ऐक नीट. मध्ये एक गाळतंय की नाही?”

बायकोने डोळे मिटून पुष्कळ वेळ ऐकलं. “अहो, मला फक्त तुमच्या पोटातली गुडगुड ऐकू येतेय. आणि हे टोक जरा पुसून तरी घ्यायचं, शर्टाला ग्रीस लागलं.”

डॉक्टर झाले. ईसीजी झाला, इको झाला, चालत्या पट्ट्यावर पळवून झालं, रक्त काढून झालं. सगळं उत्तम. डॉक्टरबाई त्यांच्या लेकीच्याच वयाच्या. त्यांनी चारही कागद टेबलावर मांडून दाखवले. “काका, तुमच्या वयाच्या निम्म्या माणसांचे कागद इतके चांगले नसतात.”

कागद बघून दुसरा माणूस पेढे वाटत सुटला असता. कानसेनांचं धाबं दणाणलं. कारण ‘तपासली, ठीक आहे’ या शब्दांची खरी किंमत त्यांच्याइतकी कोणाला ठाऊक असणार? ते शब्द त्यांनी स्वतःच्या हाताने हजार वेळा लिहिले होते. लेकीच्या इमारतीतली लिफ्ट तर आठ आठवड्यांत चार वेळा मध्येच अडली होती, चारही वेळा कानसेनच गेले होते आणि चारही वेळा त्यांनी तेच लिहिलं होतं.

आता यात खरी गोम काय होती ते सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल, काय भित्रा म्हातारा आहे. मरणाला कानसेन फारसे भीत नव्हते. ते भीत होते नातीला. अडीच महिन्यांची झाली होती ती, आणि आजोबांनी तिला एकदाही हातात घेतलं नव्हतं. घेतली, आणि नेमका तेव्हाच तो खड्डा पडला, डोळ्यांपुढे अंधारी आली, हात सुटले तर? एवढा एकच विचार त्यांच्या डोक्यात घर करून बसला होता. मग ‘हाताला ग्रीस आहे’, ‘नाक वाहतंय’, ‘आत्ताच कुठे झोपलीये, राहू दे’ अशी एकेक सबब पुढे यायची. बायकोला खरं कारण ठाऊक होतं. लेकीला नव्हतं. लेक काही बोलायची नाही, पण हल्ली बाबा आले की ती बाळाला पाळण्यातच ठेवायची. ते कानसेनांना जास्त लागायचं.

म्हणून तिसऱ्या खेपेला त्यांनी डॉक्टरबाईंना स्पष्टच सांगितलं. “बाई, मी इथे आलो की तो नीट वागतो. तुम्ही दहा मिनिटं बघता. बिघाड अकराव्या मिनिटाला येतो. आमच्याकडे अशा वेळी आम्ही मशीनवर दिवसभर पहारा ठेवतो.”

डॉक्टरबाई हसल्या. “आमच्याकडेही पहारा असतो. उद्या सकाळी दहाला या.”

तो पहारा म्हणजे साबणाच्या वडीएवढं एक यंत्र. छातीवर पाच चिकटपट्ट्या, पाच वायरी, यंत्र कमरेच्या पट्ट्याला. चोवीस तास प्रत्येक ठोका आत नोंदला जाणार. छातीत काही वेगळं जाणवलं की यंत्रावरचं बटण दाबायचं आणि सोबतच्या वहीत वेळ घालून लिहायचं, की तेव्हा आपण काय करत होतो.

कानसेन अक्षरशः हरखले! एवढे आनंदात ते अडीच महिन्यांत नव्हते. नोंदवही! तेहतीस वर्षं ज्यांनी नोंदवह्या भरल्या, त्यांच्या हातात पहिल्यांदा स्वतःची नोंदवही आली होती. दवाखान्याच्या पायऱ्या उतरता उतरताच त्यांनी पहिली नोंद केली. ‘१०:२५. पायऱ्या, उतार. आवाज नाही, गचका नाही.’

“आज सापडतोय बघ,” ते बायकोला म्हणाले. “आज जातो कुठे!”

“बिघाड सापडावा म्हणून एवढा खूश झालेला माणूस मी तरी पाहिला नाही,” बायको म्हणाली, आणि दुपारी लेकीकडे निघून गेली.

कानसेनांनी दिवसभराची रजाच टाकली होती. त्यांनी रीतसर तपासणी सुरू केली. आधी रिकामं मशीन, म्हणजे खुर्चीत स्वस्थ बसून. काही नाही. मग भार टाकून, म्हणजे घराचा तीन मजली जिना पाच वेळा. धाप लागली, घाम आला, पण ठोके मात्र एकापाठोपाठ एक, रांगेत. मग दोन कप कडक कॉफी. मग डाव्या कुशीवर. मग उजव्या. एकदा काहीतरी हलल्यासारखं वाटलं, दाबलं बटण. ढेकर होती. तरी नोंद केली. प्रामाणिकपणा म्हणजे प्रामाणिकपणा.

दुपारी तीन वाजता त्यांनी मेहुण्याला फोन लावला. या मेहुण्याने वीस वर्षांपूर्वी त्यांची शिडी नेली होती आणि ती अजून परत यायची होती. एरवी नुसत्या त्याच्या आवाजाने कानसेनांचं डोकं फिरायचं. आज त्यांनी मुद्दाम शिडीचा विषय काढला.

“अहो, ती शिडी ना,” मेहुणा म्हणाला, “कालच आणून दिली मी. ताईने सांगितलं नाही?”

झालं! भांडणही बोंबललं. कानसेनांनी लिहिलं, ‘३:१०. मेहुण्याशी बोलणं. राग आला नाही. ठोके ठीक.’

सव्वापाच वाजेपर्यंत त्यांनी एकतीस वेळा बटण दाबलं होतं आणि एकतीसही वेळा त्यांना खात्री नव्हती. खड्डा नाही, धप्प नाही. हृदय साहेबासमोर उभ्या राहिलेल्या शाळकरी पोरासारखं सरळ उभं होतं. कानसेनांनी कपाळाला हात लावला. आजही ‘ठीक आहे’ आलं तर पुढे करायचं काय?

तेवढ्यात फोन वाजला. लेकीच्या इमारतीचा वॉचमन होता आणि तो इतका ओरडत होता की फोन कानापासून लांब धरावा लागला.

“काका, लिफ्ट अडकली! चौथ्या-पाचव्याच्या मध्ये! कंपनीचा माणूस म्हणतोय पाऊण तास लागेल! काका, आत ताई आहेत तुमच्या! बाळ पण आहे!”

यानंतर कानसेनांनी चप्पल घातली की नाही, दार ओढलं की नाही, त्यांना शेवटपर्यंत सांगता आलं नाही. दोन गल्ल्या. वाटेत एक हातगाडी आडवी आली, ती त्यांनी वळसा घालून नाही, वरून ओलांडली. हातात किल्ल्यांचा जुडगा, पट्ट्याला यंत्र, शर्टाच्या फटीतून एक वायर बाहेर लोंबतेय. इमारतीखाली दहा-पंधरा माणसं गोळा होऊन एकमेकांना सूचना देत होती. एक गृहस्थ पहारीने दार उघडायला निघालेच होते.

“खबरदार कोणी दाराला हात लावाल तर!” कानसेन असे गरजले की पहार खाली आली.

पाचव्या मजल्यावर ते एका दमात पोचले आणि दाराच्या काचेला तोंड लावलं. डबा खाली अंधारात दिसत होता.

“चिमणे!”

“बाबा?” खालून आवाज आला. “तुम्ही कसे? तुमची तर आज रजा ना?”

“दिवा आहे का आत? हवा येतेय?”

“दिवा आहे. पंखा बंद पडलाय. गरम होतंय खूप.” आवाज कापत होता. “ही झोपलीये अजून.”

कानसेनांनी मग तेच सांगितलं, जे ते तेहतीस वर्षं अडकलेल्या प्रत्येक माणसाला सांगत आले होते. “हे बघ, घाबरायचं नाही. अडकलेली लिफ्ट पडत नसते. ती थांबली म्हणजे तिने ब्रेक लावलाय. तिला काहीतरी खटकलं म्हणून ती तुम्हाला धरून उभी आहे. मी वर जातो, वीज बंद करतो आणि हाताने डबा वर घेतो. दाराला हात लावायचा नाही, भिंतीला टेकून खाली बसायचं. कळलं?”

खाली ती भिंतीला टेकून बसल्याचा आवाज आला.

“बाबा, हे मला लहानपणापासून पाठ आहे,” लेक म्हणाली. आता आवाज कापत नव्हता, चिडला होता. “आणि आईने आज दुपारी सगळं सांगितलंय मला. तुमच्या छातीचं. मध्येच थांबलं म्हणजे पडत नाही, हे सगळ्या गावाला सांगता ना? मग स्वतःला का नाही सांगत?”

“ते वेगळं असतं गं!”

“काही वेगळं नसतं. जा आता वर. लवकर!”

मशीनची खोली नवव्या मजल्याच्या वर, गच्चीवर. कानसेन दोन-दोन पायऱ्या घेत निघाले. मागून वॉचमन, जो त्यांच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान आणि दुप्पट रुंद होता, कठडा धरून येत होता आणि प्रत्येक मजल्यावर “आलो, आलो” म्हणत होता. खोलीचं कुलूप निघालं. मुख्य खटका खाली. खटक्याला कुलूप, त्याची किल्ली खिशात. आत सगळं गप्प झालं.

हाताने डबा हलवणं हे दोन माणसांचं काम आहे. एकाने दांडा दाबून ब्रेक उघडायचा, दुसऱ्याने चाक फिरवायचं. डब्यात माणसं कमी असली की दोराच्या पलीकडच्या टोकाचं वजन भारी पडतं आणि डबा आपणहून वर धावायला बघतो. म्हणून ब्रेक थोडा-थोडाच उघडायचा. पूर्ण उघडला तर संपलं.

“हा दांडा धर,” कानसेन म्हणाले. “उघड म्हटलं की दाबायचं, बंद म्हटलं की लगेच सोडायचं. मध्ये विचार करायचा नाही.”

“काका, माझं काळीज बाहेर येतंय हो,” वॉचमन धापा टाकत म्हणाला.

“काळीज नंतर बघू. दांडा धर आधी! उघड!”

चाक फिरलं. वीतभर.

“बंद! उघड! बंद!”

दोरांवर कानसेनांनीच कधीकाळी पिवळ्या रंगाचे पट्टे ओढले होते, एकेका मजल्याची खूण म्हणून. पाचव्याचा पट्टा इंच-इंच सरकत मशीनवरच्या रेघेकडे यायला लागला. चाक जड होतं, कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता, आणि कानसेनांचा कान, जो अडीच महिने स्वतःच्या छातीला चिकटून होता, आज पहिल्यांदा पुन्हा दोरांकडे लागला होता. दोर कुरकुरत नव्हते. आवाज स्वच्छ होता.

“उघड… उघड… बंद! बास! सोड आणि बस खाली!”

वॉचमन बसला नाही, आडवाच झाला. कानसेन त्याला ओलांडून खाली पळाले. नऊ, आठ, सात, सहा, पाच. तिकोनी किल्ली दाराच्या वरच्या भोकात घातली, फिरवली, दार ओढलं. डबा मजल्याशी अगदी सपाट आला होता. कोपऱ्यात लेक बसली होती, घामाने न्हालेली, केस गालाला चिकटलेले. ती उठली आणि बाहेर आली.

“बाबा, धरा हिला,” ती म्हणाली, बाळ त्यांच्या हातात दिलं आणि जिन्याच्या पायरीवर बसून रडायला लागली.

कानसेनांनी धरलं. यात ठरवायला वेळच नव्हता. उजवा हात डोक्याखाली, डावा पाठीखाली, जसं तीस वर्षांपूर्वी लेकीला धरायचे तसं. नात जागी झाली होती. तिने आजोबांकडे बघितलं, भुवया वर केल्या, जणू विचारत होती की हा कोण बुवा. मग शर्टातून लोंबणारी ती वायर तिच्या मुठीत सापडली आणि तिने ती घट्ट धरून ठेवली.

सहाव्या मजल्यावरच्या लेकीच्या घरातून बायको धावत खाली आली; तिथे तिचा डोळा लागला होता, तिला आत्ताच कळलं होतं. तिने आधी लेकीला बघितलं, मग नातीला, मग नवऱ्याला, आणि तोंडावर पदर धरला.

“आणा इकडे, दमला असाल,” थोड्या वेळाने ती हळूच म्हणाली.

“राहू दे,” कानसेन म्हणाले. “झोपतेय आता.”

शेवटी लेकच पुढे झाली, बाबांच्या खांद्याला डोकं टेकून उभी राहिली, आणि ते तिघं तसेच जिन्यात उभे राहिले. लोकांची ये-जा चालू होती. कोणी विचारलं, लिफ्ट कधी सुरू होणार, तर कानसेन म्हणाले, उद्या. आज त्यांना ऐकायचंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी, यंत्र परत देण्याआधी, त्यांनी चौथ्या मजल्याच्या दाराचा कुलपाजवळचा विजेचा संपर्क काढून पाहिला. आतली स्प्रिंग थकली होती. दार जोरात आपटलं की कधीतरी दार बंद असल्याची खूण तुटायची आणि लिफ्ट, जशी शिकवलीये तशी, थांबून जायची. स्प्रिंग बदलली, पाच मिनिटांचं काम. मग त्यांनी लिफ्टच्या वहीत पहिल्यांदाच ‘ठीक आहे’च्या ऐवजी काय होतं ते सविस्तर लिहिलं.

चार दिवसांनी डॉक्टरबाईंसमोर ते बसले. शेजारी बायको.

“काका, चोवीस तासांत एक लाखाच्या वर ठोके पडलेत तुमचे,” डॉक्टरबाई कागद उलटत म्हणाल्या. “त्यातले दोनशे-सव्वादोनशे असे मध्येच घुसलेले आहेत. ठोका चुकत नाही, तो जरा लवकर पडतो. मग हृदय पुढच्यासाठी थोडं थांबतं, तोच तुमचा खड्डा. तुमचं हृदय धडधाकट आहे, त्यामुळे हे ठोके पुष्कळ लोकांना असतात तसेच आहेत. कधी चक्कर येऊन पडलात तर मात्र लगेच या. नाहीतर माझी फी वाचवा.”

“आणि मी बटण दाबलं ते?”

“एकतीसपैकी अठ्ठावीस वेळा काही नव्हतं.” त्या हसल्या. “ढेकरसुद्धा नोंदलीत. पण एक मला कळलं नाही.” त्यांनी एक कागद पुढे केला आणि त्यावर बोट ठेवलं. “हे बघा, साडेपाचच्या सुमाराला ठोके एकदम वाढलेत. पळत होतात बहुतेक, पण सगळे नीट, एका ओळीत. मग पावणेसहापासून पुढची वीस मिनिटं. दिवसभरात सगळ्यात जास्त मध्ये घुसलेले ठोके इथे आहेत. एकामागून एक खड्डे. आणि नेमकं इथे तुम्ही एकदाही बटण दाबलं नाहीत, वहीत एक अक्षर नाही. कळलेच नाहीत का?”

“कळले की,” कानसेन म्हणाले. “सगळे कळले.”

“मग?”

“हात मोकळे नव्हते, बाई.”